चाकाखालचे लिंबू आणि ट्रॉलीतली माणसे

दसऱ्याच्या सकाळी मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात शिरा. ट्रॅक्टर धुऊनपुसून दारात उभा असतो. बॉनेटवर झेंडूची माळ, दोन दिव्यांच्या मधोमध गंधाचे स्वस्तिक, स्टिअरिंगला आपट्याची डहाळी आणि मागे जोडलेल्या ट्रॉलीच्या फाळक्यावर हळदीकुंकवाची बोटे. घरची बाई औक्षण करते, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात आणि चालक गाडी हातभर पुढे घेऊन ती चिरडतो. इडापिडा टळली, वर्षाची काळजी मिटली, असे मानून सगळे घरात जेवायला जातात. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच ट्रॉलीत संसार चढतात. बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, कोयते, आणि या सगळ्याच्या वर गोधड्या अंथरून बसलेली बायामाणसे व पोरे. पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, पाथर्डी या भागांतून ऊसतोड कामगारांचे हे तांडे सांगली-कोल्हापूरकडे, पुढे कर्नाटकात निघतात. तीन-साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता, ट्रॅक्टरची चाल संथ, म्हणजे एक दिवस आणि एक आख्खी रात्र उघड्यावर.

पूजेवर मला आक्षेप घ्यायचा नाही. ज्याच्यावर पोट चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, यात गैर काहीच नाही. माझे दुःख निराळे आहे. कुंकवाचे बोट ज्या चाकाला लागते, त्याच चाकावर त्या बोटापासून वीतभर अंतरावर एक छोटी नळी रिममधून बाहेर आलेली असते. तिच्यातून हवा भरली जाते. ती तडकली आहे का, वाकली आहे का, तिच्या तोंडावर टोपण आहे का, हे त्या दिवशी घरातला एकही माणूस वाकून पाहत नाही. चाकाला आपण नमस्कार करतो, पण त्याच्याकडे पाहत नाही. या न पाहण्याची किंमत ट्रॉलीच्या मालकाला सहसा पडत नाही. ती गोधडीवर निजलेल्या पोराला पडते.

या नळीबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हबद्दल, दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कारण आपले अज्ञान ही आपली ढाल झाली आहे. ट्यूबच्या टायरमध्ये हा व्हॉल्व्ह ट्यूबलाच बुंध्याशी जोडलेला असतो. ट्यूबलेसमध्ये तो रिमच्या भोकात रबरी बुंध्याने घट्ट बसवलेला असतो. आत बारीक स्प्रिंगची पिन असते. ती हवेला आत येऊ देते, बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकेत श्रेडर यांच्या नावावर 1893 मध्ये या रचनेचे पेटंट झाले आणि आज मोटारीपासून विमानापर्यंत तीच रचना चालते. इतकी साधी, इतकी भरवशाची वस्तू. पण तिला दोन-तीन गोष्टी सोसत नाहीत. पहिली माती. टोपण हरवले की उसाच्या फडातली ओली काळी माती नळीच्या तोंडात बसते, वाळते, आणि पुढच्या खेपेला पंक्चरवाला वरून हवेचा पाइप दाबतो तेव्हा तो कण सरळ पिनेच्या बुडाशी जाऊन बसतो. पिन मग पूर्ण मिटत नाही. हवा रात्रंदिवस, आवाज न करता, थोडी थोडी जात राहते. दुसरी गोष्ट ऊन. हंगाम संपला की ट्रॉली चैत्रापासून आश्विनापर्यंत बांधावर नाहीतर उकिरड्याशेजारी एकाच जागी उभी असते. ऊन आणि हवेतला ओझोन रबर खात राहतात. बुंध्याशी केसाएवढ्या भेगा पडतात. नळी सरळ असताना त्या दिसत नाहीत. अंगठ्याने किंचित कलती केली तर तोंड उघडतात. ट्रॉली फार पळाली नाही म्हणून तिची रबरे नवी आहेत, हा आपल्याकडचा मोठा भ्रम आहे. रबर चालून झिजते तसे उभ्या उभ्याही मरते.

तिसरी गोष्ट डोळ्यांना धडधडीत दिसणारी आहे. ट्यूबच्या चाकात हवा कमी असली आणि वर पंधरा-वीस टन ऊस असला, की टायर रिमवर सरकतो, आपल्याबरोबर ट्यूबला ओढतो, आणि भोकातून बाहेर आलेली नळी तिरकी होते. जी नळी रिमच्या मध्याकडे सरळ रोखलेली असायला हवी, ती एका अंगाला झुकलेली दिसली तर आतली ट्यूब बुंध्याशी फाटायच्या बेतात आहे, असे समजावे. हे कळायला यंत्र लागत नाही, शिक्षण लागत नाही. साबणाचा फेस नळीच्या तोंडावर आणि बुंध्यावर लावावा, बुडबुडा येतो का पाहावे. आपले पंक्चरवाले साबण नसला तर थुंकीच्या बोटाने हेच करतात. सकाळी चाक थंड असताना गेजने हवा मोजावी. दुपारी तापल्या चाकात आकडा जास्त दिसतो म्हणून हवा काढून टाकणारे चालक आपल्याकडे पुष्कळ आहेत. रात्री चाक निवते तेव्हा तेच चाक हवेवाचून उपाशी राहते. एका ट्रॉलीला या सगळ्याला पाव तास लागेल. नवे टोपण आणि पिन चहाच्या पैशांत येतात.

हवा कमी झाली म्हणजे नेमके काय होते, हेही उघड बोलले पाहिजे. कमी हवेचे चाक प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपते आणि जास्त उमलते. त्या चेपण्या-उमलण्याने रबर आतून तापते. तापता तापता रबराचे आणि आतल्या धाग्यांचे थर एकमेकांना सोडू लागतात, आणि एखाद्या क्षणी, बहुधा उतारावर किंवा भर वेगात, टायर फुटतो. लोक फुटण्याचा तो क्षण पाहतात आणि त्यालाच अपघात म्हणतात. खरा अपघात आठवडाभर आधी, टोपण नसलेल्या नळीतून, कोणाला ऐकू न येता सुरू झालेला असतो. मोटारीचे चाक बसू लागले तर निदान स्टिअरिंग ओढू लागते, हाताला कळते. मागे जोडलेल्या ट्रॉलीच्या चाकाचे चालकाला काहीच कळत नाही. तो पुढे बसलेला असतो, चाक पंधरा-वीस फूट मागे मरत असते. त्यात आपल्या ट्रॅक्टरांवर बसवलेले ते भले मोठे स्पीकर! हजारो रुपये घालून आपण चालकाच्या कानाशी अखंड गाणे लावून दिले आहे. चाकाची सूं तर सोडाच, मागच्या ट्रॉलीतल्या बाईची हाकही त्याला ऐकू येत नाही.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत गाडीमागे घरच्या घर जोडून हिंडणारे लोक आहेत. त्यांची ती फिरती घरेही वर्षातले बरेच महिने अंगणात उभी असतात, आणि त्यांच्याही चाकांची दुखणी हीच असतात. तिकडे 2008 साली एका वितरकाने सुमारे 60 लाख रबरी व्हॉल्व्ह परत मागवले. रबरात ओझोनपासून वाचवणारे द्रव्य नीट मिसळले न गेल्याने ते काही महिन्यांतच बुंध्याशी तडकू लागले होते. साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआय दाबापर्यंतच वापरावा, त्याहून अधिक हवा लागणाऱ्या चाकाला धातूचा, नटाने कसलेला व्हॉल्व्ह बसवावा, हे तिथला सहलीला निघालेला निवृत्त माणूसही जाणतो आणि निघण्यापूर्वी गुडघे टेकून पाहतो. तो सहलीला चाललेला असतो. आपल्या ट्रॉलीत बसलेली माणसे उचल फेडायला चाललेली असतात. मौजेसाठी निघालेल्याने जेवढी काळजी घ्यावी तेवढीही आपण, पोटासाठी निघालेल्यांची, घेत नाही.

आणि मग टायर फुटतो. ट्रॉली कलंडते, उसाच्या मोळ्यांखाली नाहीतर संसाराच्या पेट्यांखाली माणसे सापडतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात. टायर फुटल्याने ट्रॉली उलटली. एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते. टायर का फुटला, त्याला शेवटची हवा कोणी कधी पाहिली, हा प्रश्न ना बातमीदार विचारतो, ना वाचणारा. जणू टायर म्हणजे आभाळ आहे आणि त्याचे फुटणे ढगफुटीसारखे आपल्या हाताबाहेरचे आहे. गावात कोणी म्हणते, वेळ आली होती. कोणी म्हणते, त्या वळणावर काहीतरी आहे, मागच्या वर्षीही तिथेच झाले. पुढच्या वर्षी त्या वळणावर एक शेंदूर फासलेला दगड उभा राहतो. खड्डा मात्र तसाच असतो, आणि ट्रॉलीची नळीही तशीच तिरकी असते.

टायर फुटणे आपल्या हाताबाहेरचे नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला 2023 साली आपल्याला सांगावे लागले. 2010 च्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि 38 वर्षांचा एक कर्ता माणूस गेला. विमा कंपनीने न्यायालयात बाजू मांडली की टायर फुटणे ही देवाची करणी आहे, त्यात कोणाचा दोष नाही. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ती फेटाळली. ज्या नैसर्गिक आपत्तीला कोणीही माणूस जबाबदार नसतो, तिलाच देवाची करणी म्हणावे. टायर फुटणे हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, आणि निघण्यापूर्वी टायर पाहणे हे चालकाचे व मालकाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. मला या निकालाचे कौतुक वाटते, पण त्याहून अधिक लाज वाटते. ज्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीपासून सुधारक कारण शोधा, कारण शोधा म्हणून कंठशोष करत आले, त्या महाराष्ट्रात 21 व्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एका सुशिक्षित, पगारी वकिलांच्या ताफ्याला चाकातली हवा देवाच्या नावावर खपवता येईल असे वाटले. त्यांना तसे वाटले, कारण आपण सगळे तसेच मानतो.

ही सबब किती हाताशी असते, याचे उदाहरण समृद्धी महामार्गावर दिसले. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी आत होरपळून गेले. चालकाने सांगितले, टायर फुटला. परिवहन खात्याच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. खरेखोटे तपासाने ठरते. मी लक्ष वेधतो आहे ते आपल्या सगळ्यांच्या ओठांवर तयार असलेल्या त्या वाक्याकडे. टायर फुटला म्हटले की पुढचे प्रश्न थांबतात, हे त्या चालकाला ठाऊक होते. ते त्याला आपणच शिकवले.

आपल्या पूर्वजांना दोष देऊन यातून सुटता येणार नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाच्या खांद्यांना तूप-हळद लावून चोळतो. वर्षभर जुवाखाली सोलवटलेला खांदा त्या दिवशी धन्याच्या हाताखालून जातो. गाठ कुठे आली, कातडे कुठे उलले, बैल कुठल्या बाजूला हात लावू देत नाही, हे त्याला बोटांनी कळते. खंडेनवमीला सुतार करवत-पटाशी पुजतो ती आधी धार लावून, तेल देऊन. त्या पूजांच्या पोटात पाहणी होती, किंबहुना पाहणी हाच पूजेचा मोठा भाग होता. बैल गेला, ट्रॅक्टर आला. हळद आपण बैलावरून काढून चाकावर आणली, आणि खांद्यावरून फिरणारा तो हात मात्र मागेच ठेवला. वारशात मिळालेल्या दोन गोष्टींपैकी सोपी उचलली आणि कष्टाची टाकली. याला श्रद्धा म्हणणे म्हणजे श्रद्धेचा अपमान आहे. हा आळस आहे, आणि दर वर्षी झेंडू वाहून आपण त्याला धर्माच्या पंक्तीला बसवतो.

आता मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांत मीही आहे आणि हा लेख चहाचा पेला हातात धरून वाचणारे तुम्हीही आहात. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो शेतकऱ्याला सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. त्या दिव्यातून किती घरे उजळली हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण आज कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहा. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या रांगेत लागलेल्या असतात. वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉलीचे वजन किलोपर्यंत मोजले जाते, आणि काटा मारला जातो या संशयावरून आंदोलने होतात. प्रयोगशाळेत साखरेचा उतारा दशांश टक्क्यापर्यंत काढला जातो, कारण उसाचा हमीदर 10.25 टक्के उताऱ्याच्या पायावर ठरतो आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला पैसे मिळतात. उसातली साखर आपण दशांशात मोजतो. ज्या चाकांवर तो ऊस आणि ती माणसे आली त्यांतली हवा त्या फाटकावर कोणीही मोजत नाही. गव्हाणीसमोर त्याच ट्रॉल्या तासन् तास खोळंबलेल्या असतात. चालक ट्रॅक्टरखाली सावलीला झोपलेला असतो. वेळ नाही, ही सबब तिथे टिकत नाही. मोजायची इच्छा ज्या वस्तूची असते ती आपण किती बारकाईने मोजू शकतो, याचा पुरावा तर काट्यावरच उभा आहे.

विचारायला गेलात तर जबाबदारी कशी हातोहात सरकते ते ऐका. कारखाना म्हणतो, वाहन आमचे नाही, वाहतूक ठेकेदाराचे आहे. ठेकेदार म्हणतो, मी कर्ज काढून ट्रॉली घेतली, हंगाम पाच महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा. नवे टायर कुठून आणू, रिट्रेड टाकतो. मुकादम म्हणतो, माझे काम कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, पोचवण्याचे. चालक म्हणतो, मी रोजंदारीवर, दोन रात्री झोपलो नाही. विमा कंपनी म्हणते, ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. आणि कायद्याप्रमाणे तिचे खरेही असते. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेच स्वतंत्र मोटार वाहन धरले आहे, हे किती ट्रॉलीमालकांना ठाऊक असते कोण जाणे. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा नियम आहे, तो मोजायला उसाच्या रस्त्यावर कोणी उभे राहत नाही. शेवटी उरतो तो ऊसतोड कामगार. त्याने उचल घेतलेली असते, अंगठा दिलेला असतो. ट्रॉलीत चढण्यापूर्वी चाकाची नळी तिरकी आहे असे त्याच्या लक्षात आले, तरी तो कोणाला म्हणणार? ज्याचा दिवस आधीच विकला गेला आहे त्याला वाहन निवडण्याचा हक्क आपण ठेवलेला नाही.

या साखळीत आणखी एक जण आहे, ज्याची गणती कोणत्याच खात्यात नाही. रस्त्याकडेच्या टपरीतला पंक्चर काढणारा पोरगा. पुष्कळदा मिसरूडही न फुटलेला. जुन्या पद्धतीच्या दोन तुकड्यांच्या रिमवर टायर चढवून तो हवा भरतो तेव्हा रिमची लोखंडी रिंग नीट बसलेली नसली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. असे टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरावी, लांब नळी लावून बाजूला उभे राहावे, हे जगभर ठरलेले आहे. आपल्या टपऱ्यांत पिंजरा कुठे दिसतो? पोरगा टायरवर पाय देऊन, तोंड खाली घालून हवा भरत असतो, आणि आपण गाडीत बसून लवकर आटप म्हणून हॉर्न वाजवत असतो. जुन्या ट्यूबवर तिसरे ठिगळ लाव, नळी तीच राहू दे, असे सांगणारेही आपणच. तो नवी घालू म्हणाला तर लुबाडतो आहे असा संशय घेणारेही आपणच.

काही सज्जन यावर म्हणतील, मुळात ट्रॉलीत माणसे बसवावीतच कशाला? त्यांना बसने न्यावे. अगदी खरे आहे, आणि ते झालेच पाहिजे. ज्या कारखान्याला हजारो कोयते लागतात त्याने त्या कुटुंबांना बसने आणावे, ही मागणी माझीही आहे. पण या उत्तरातली सोय ओळखली पाहिजे. मोठी सुधारणा होईल तेव्हा होवो म्हणून लहान सुधारणा टाळायची, ही आपली जुनी खोड आहे. विधवांच्या, अस्पृश्यांच्या, मुलींच्या शाळेच्या प्रत्येक प्रश्नावर आपल्या वाडवडिलांनी हेच केले: समाज आधी तयार होऊ द्या. बस येईपर्यंत ट्रॉली जाणारच आहे. आणि बस आली तरी ऊस ट्रॉलीतच राहील, तिच्या मागून दुचाकीवर कामावर निघालेला पोरगाही राहील, समोरून एसटीही येत राहील. दुसरे काही जण म्हणतील, हे लोक अडाणी आहेत, त्यांना किती सांगणार? माझा अनुभव असा की चाकाचे दुखणे चालकाला आपल्यापेक्षा जास्त कळते. त्याच्याकडे गेज नसतो, थांबण्याची मुभा नसते, आणि थांबला तर खेप बुडाली म्हणून शिव्या खाव्या लागतात. अडाणीपणा तिथे नाही. तो खेपांचा हिशोब मांडणाऱ्या सुशिक्षितांत आहे.

हे बदलणार नाही, असे मानायला मी तयार नाही. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या, त्यांत एक अशी होती की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा पांगळा झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. त्या काळी मालकांना ही मागणी अव्वाच्या सव्वा वाटली. गिरणीच्या पट्ट्यात हात सापडला तर तो त्या माणसाचा धांदरटपणा, अशी तेव्हाची समजूत होती. आज कोणताही कारखानदार उघडपणे तसे म्हणू धजणार नाही. यंत्राला जाळी हवी, हे आपण शिकलो. त्या जाळीचा अर्थ कारखान्याच्या भिंतीपाशी संपतो, एवढेच आपण अजून धरून बसलो आहोत. भिंतीबाहेर, रस्त्यावर, त्याच कारखान्यासाठी फिरणारे चाक कोणाच्याच जबाबदारीचे नाही. आणि शिकण्याची आपली तयारी रस्त्यावरही दिसू लागली आहे. ट्रॉलीच्या मागे लाल कापड आणि रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा कित्येक वर्षे परिवहन खाते आणि काही कारखाने हंगामाच्या तोंडावर घेतात. पूर्वी अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली हे रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य होते. आजही ते संपलेले नाही, पण चमकणारी पट्टी आता परकी राहिली नाही. जी यंत्रणा पट्टी चिकटवू शकते तीच यंत्रणा हवा मोजू शकते. फाटकाशी एक कॉम्प्रेसर, एक चांगला गेज, पिना आणि टोपणांचा एक डबा, आणि नळ्यांकडे पाहणारा एक शिकलेला माणूस. हंगामाच्या आधी प्रत्येक ट्रॉलीची एक पूर्ण तपासणी, आणि हंगामात रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉलीची दर आठवड्याला एक पाहणी. तिरकी नळी, तडकलेला बुंधा किंवा उघड्या धाग्यांचा टायर सापडला तर ती ट्रॉली रिकामी होईल आणि दुरुस्त होऊनच बाहेर जाईल. त्या दिवशीची मजुरी टोळीला मिळेल. एवढाच नियम.

याला लागणारा पैसा कारखान्याच्या वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत छपाईत सापडेल. लागणारी इच्छा मात्र तिथे सापडणार नाही; ती सभासदांकडून यावी लागेल. शहरात राहून गावाकडच्या शेअरवर सवलतीची साखर घेणाऱ्यांची संख्या या महाराष्ट्रात लहान नाही, आणि त्यांचे मत गावातल्या माणसाच्या मताइतकेच मोजले जाते. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत हा विषय ढकलू नका. तिथे तो आभारप्रदर्शनाच्या गडबडीत मरतो. सभेची नोटीस निघण्यापूर्वी, दोन ओळींचा ठराव लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेत उभे राहून वाचा: हंगामात आपल्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या चाकांची व व्हॉल्व्हची तपासणी कारखाना स्वखर्चाने करील. कोणी हसले तर हसू द्या, पण ठराव मागे घेऊ नका. गाळप त्यानंतर महिना-दीड महिन्यात सुरू होते. ट्रॉल्या त्याआधी तपासून झाल्या पाहिजेत.